राष्ट्रपतींची निवडणूक : भोर-वेल्ह्याचे मत दिल्लीपर्यंत कसे पोहोचते?



आपल्या गावचा सरपंच २०२२ पासून पुन्हा थेट गावकऱ्यांच्या मतांनी निवडला जातो. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष मात्र आपण निवडत नाही. आपण निवडलेले सदस्य त्याला निवडतात. आमदार व खासदार आपण थेट निवडतो, पण मुख्यमंत्री आणि पंतप्रधान आपण थेट निवडत नाही. मग या देशाचे सर्वोच्च पद जे राष्ट्रपतिपद, ते कोण भरते? भोर तालुक्यातील शेतकरी, वेल्हे (आता राजगड) तालुक्यातील शेतमजूर किंवा पुण्या-मुंबईत नोकरीनिमित्त राहणारा आपला भाऊ यांचा त्या निवडणुकीशी काही संबंध आहे काय?

"तो दिल्लीतल्या मोठ्या माणसांचा कारभार, आपल्याला काय त्याचे?" असे उत्तर पुष्कळदा ऐकू येते. हे उत्तर चुकीचे आहे. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत प्रत्येक आमदाराच्या मताला जे मूल्य मिळते, ते लोकसंख्येवरून मिळते. माणसे मोजल्याशिवाय ते मत तयारच होत नाही. म्हणून हा विषय प्रत्येक मतदाराने एकदा तरी कागद-पेन्सिल घेऊन समजावून घेतला पाहिजे. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे.

संस्थानापासून प्रजासत्ताकापर्यंत

भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. तेथे राजा जन्माने ठरत असे; प्रजेला त्याबाबत विचारण्याचा प्रश्नच नव्हता. १९४८ साली हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि राष्ट्राचा प्रमुखच निवडणुकीने ठरू लागला. ज्या मुलखातील माणसे दोन वर्षांपूर्वी 'प्रजा' होती, ती आता 'नागरिक' झाली. हा बदल लहान नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांनी एकाच आयुष्यात या दोन्ही अवस्था पाहिल्या. हे लक्षात घेतले म्हणजे राष्ट्रपतींच्या निवडणुकीचे महत्त्व ध्यानात येते.

थेट निवडणूक का नाही?

हा प्रश्न संविधान सभेतही विचारला गेला होता. डिसेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी अशी दुरुस्ती सुचवली की, राष्ट्रपतींची निवड प्रौढ मताधिकाराने, म्हणजे सर्व जनतेच्या थेट मतांनी व्हावी. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. एक तर एवढ्या प्रचंड मतदारसंख्येची स्वतंत्र निवडणूक घेणे ही अवघड गोष्ट होती. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण असे की, आपण स्वीकारलेल्या संसदीय पद्धतीत खरी सत्ता मंत्रिमंडळाच्या हाती असते. राष्ट्रपती हे राज्याचे प्रमुख आहेत, कारभाराचे प्रमुख नाहीत. ज्याच्या हाती प्रत्यक्ष कारभार नाही, त्याला कोट्यवधी लोकांनी थेट निवडून दिले, तर तो उद्या पंतप्रधानांना म्हणेल, "मलाही जनतेने निवडले आहे." एका घरात दोन कारभारी झाले की घर मोडते. म्हणून राष्ट्रपती लोकांच्याच प्रतिनिधींनी निवडावेत, पण केवळ संसदेने नव्हे तर राज्यांच्या विधानसभांनीही मिळून निवडावेत, असे ठरले. राष्ट्रपती केवळ दिल्लीचे नव्हेत, तर सर्व राज्यांचेही आहेत, हा त्यामागील विचार होता.

पुढे याच प्रा. शहांनी १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याविरुद्ध उमेदवारी केली. राजेंद्रप्रसाद यांना ५,०७,४०० व शहा यांना ९२,८२७ मतमूल्य मिळाले. ज्या पद्धतीला त्यांनी विरोध केला, त्याच पद्धतीने ते शांतपणे निवडणूक लढले. लोकशाहीतील ही शिस्त विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी.

निर्वाचकगण म्हणजे काय?

घटनेच्या ५४ व्या अनुच्छेदात राष्ट्रपती निवडणाऱ्या समूहाला 'निर्वाचकगण' म्हटले आहे. त्यात कोण येतात ते पाहू.

(१) लोकसभेचे व राज्यसभेचे निवडून आलेले सदस्य.
(२) सर्व राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य.
(३) १९९२ च्या ७० व्या घटनादुरुस्तीनंतर दिल्ली व पुदुच्चेरी येथील विधानसभांचे निवडून आलेले सदस्य.

आता कोण येत नाहीत तेही पाहू. राज्यसभेतील राष्ट्रपतिनियुक्त १२ सदस्यांना हे मत नाही. आपल्या विधान परिषदेच्या आमदारांनाही नाही. म्हणजे 'आमदार' ही उपाधी दोघांना असली, तरी राष्ट्रपतींना मत देण्याचा अधिकार फक्त विधानसभेच्या आमदाराला आहे, कारण तो जनतेच्या थेट मतांनी आलेला असतो.

उपराष्ट्रपतींची निवडणूक निराळी आहे. त्यात आमदार मत देत नाहीत. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सर्व सदस्य, नियुक्त धरून, मत देतात आणि प्रत्येकाचे मत एकच मोजले जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती म्हणून निवडून आले. त्यांना ४५२ व बी. सुदर्शन रेड्डी यांना ३०० मते पडली. या लहान आकड्यांची राष्ट्रपतींच्या निवडणुकीतील लाखांच्या आकड्यांशी तुलना केली म्हणजे दोन्हींतील फरक कळतो. हे लाखांचे आकडे येतात कोठून? ते आता पाहू.

मताचे मूल्य : गणित सोपे आहे

उत्तर प्रदेशचा आमदार व सिक्कीमचा आमदार, दोघेही आमदारच. पण एकामागे लाखो माणसे आहेत, तर दुसऱ्यामागे काही हजार. दोघांच्या मताला सारखेच मूल्य दिले, तर माणसांवर अन्याय होईल. म्हणून घटनेच्या ५५ व्या अनुच्छेदाने पुढील सूत्र दिले आहे.

राज्याची लोकसंख्या भागिले विधानसभेच्या निवडून आलेल्या सदस्यांची संख्या. जे उत्तर येईल त्याला पुन्हा १,००० ने भागावे. बाकी ५०० किंवा त्याहून अधिक राहिली तर मूल्य एकाने वाढवावे.

महाराष्ट्राचे उदाहरण घेऊ. या गणितात १९७१ च्या जनगणनेची लोकसंख्या धरतात. ती ५,०४,१२,२३५ होती. विधानसभेचे सदस्य २८८. भागाकार केला म्हणजे प्रत्येक आमदारामागे सुमारे १,७५,०४२ माणसे येतात. त्याला हजाराने भागले की १७५. म्हणून महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे.

याचा सरळ अर्थ असा की, हजार माणसांमागे एक मत. आमदार जेव्हा मतपत्रिकेवर आकडा लिहितो, तेव्हा तो १७५ वेळा हजार माणसांच्या वतीने लिहीत असतो. भोर, वेल्हे व मुळशी हे तीन तालुके मिळून २००८ च्या पुनर्रचनेनंतर भोर विधानसभा मतदारसंघ झाला आहे. त्या मतदारसंघाच्या आमदाराचे मत १७५ चे, आणि मुंबईच्या मलबार हिलच्या आमदाराचे मतही १७५ चेच. डोंगरातल्या वाडीचा प्रतिनिधी आणि लक्षाधीशांच्या वस्तीचा प्रतिनिधी येथे एकाच तराजूत बसतात.

इतर राज्यांची मूल्ये अशी :

उत्तर प्रदेश — २०८ (सदस्य ४०३)
तमिळनाडू — १७६ (सदस्य २३४)
महाराष्ट्र — १७५ (सदस्य २८८)
केरळ — १५२ (सदस्य १४०)
गुजरात — १४७ (सदस्य १८२)
कर्नाटक — १३१ (सदस्य २२४)
गोवा — २० (सदस्य ४०)
सिक्कीम — ७ (सदस्य ३२)

महाराष्ट्राच्या सर्व आमदारांचे एकूण मूल्य १७५ गुणिले २८८, म्हणजे ५०,४०० होते. गोव्याचे अवघे ८०० होते. गोवा ३० मे १९८७ रोजी घटक राज्य झाले, आणि या दर्जामुळेच तेथील आमदारांना हा अधिकार मिळाला.

आता खासदाराच्या मताकडे वळू. सर्व राज्ये एका पारड्यात व संसद दुसऱ्या पारड्यात घातली, तर दोन्ही पारडी समतोल राहिली पाहिजेत, असे घटना सांगते. म्हणून सर्व आमदारांच्या मतमूल्याची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागतात. २०२२ मध्ये आमदारांची बेरीज ५,४३,२३१ होती. लोकसभेचे ५४३ व राज्यसभेचे २३३ मिळून खासदार ७७६. भागाकार आला ७००. म्हणून त्या वर्षी प्रत्येक खासदाराचे मत ७०० चे झाले. आधी २०१७ मध्ये ते ७०८ होते. फरक पडला तो जम्मू-काश्मीरची विधानसभा २०२२ मध्ये अस्तित्वात नव्हती म्हणून.

भोर मतदारसंघ बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतो. तेव्हा आपण विधानसभेला मत देतो, त्यातून १७५ चे मत तयार होते. आणि लोकसभेला मत देतो, त्यातून ७०० चे मत तयार होते. एकाच मतदाराचा हात दोन वाटांनी राष्ट्रपतिभवनापर्यंत पोहोचतो. महाराष्ट्राचे ४८ लोकसभा सदस्य, १९ राज्यसभा सदस्य व २८८ आमदार मिळून २०२२ च्या हिशेबाने ९७,३०० मूल्य होते. देशाचे एकूण मूल्य १०,८६,४३१ होते. म्हणजे सुमारे नऊ टक्के वजन एकट्या महाराष्ट्राचे.

एक माणूस, एक मत, एक मूल्य

येथे कोणी जाणता विद्यार्थी विचारील, "बाबासाहेबांनी तर 'एक माणूस, एक मत, एक मूल्य' हे तत्त्व सांगितले. मग येथे एकाचे मत २०८ चे आणि दुसऱ्याचे ७ चे कसे?"

प्रश्न योग्य आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणात आपण हे तत्त्व मान्य करीत आहोत, पण सामाजिक व आर्थिक जीवनात नाकारीत आहोत. ही विसंगती फार काळ टिकवली तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल. राष्ट्रपतींच्या निवडणुकीतील सूत्र हे या तत्त्वाच्या विरोधात नसून त्याच्याच रक्षणासाठी आहे. मूल्य आमदाराला दिलेले नाही. ते माणसांना दिलेले आहे. सिक्कीमची हजार माणसे आणि महाराष्ट्राची हजार माणसे यांचे वजन सारखेच, म्हणजे एक. आमदारांची मते असमान ठेवली, म्हणूनच माणसे समान राहिली.

परंतु एक अडचण शिल्लक राहते. ती १९७१ या सालाची.

१९७१ चीच लोकसंख्या का?

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ठरले की, २००० सालापर्यंत १९७१ चीच लोकसंख्या धरावी. पुढे ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत वाढवली. २०२६ नंतर होणाऱ्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत जुनेच आकडे चालतील. यामागचे कारण असे की, ज्या राज्यांनी कुटुंबनियोजनाचे काम मनापासून केले, त्यांची लोकसंख्या कमी वाढली. नवे आकडे लगेच धरले असते, तर चांगल्या कामाबद्दल त्यांना शिक्षाच झाली असती.

२०११ च्या जनगणनेवरून गणित करून पाहिले तर काय दिसते? उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मूल्य २०८ वरून ४९६ होईल. महाराष्ट्राचे १७५ वरून ३९०. केरळचे १५२ वरून फक्त २३९. आज उत्तर प्रदेशच्या एका आमदाराचे मत केरळच्या आमदाराच्या सुमारे १.४ पट आहे. नव्या आकड्यांनी ते दुपटीहून अधिक होईल. महाराष्ट्राचा वाटा मात्र फारसा हलणार नाही, कारण देशाच्या लोकसंख्येत आपले प्रमाण १९७१ मध्ये ९.२ टक्के होते व २०११ मध्ये ९.३ टक्के. म्हणजे हा तंटा आपल्या दारातला नाही. पण देशाच्या एकीचा आहे. एका बाजूला आजच्या जिवंत माणसांना मोजण्याचा न्याय आहे आणि दुसऱ्या बाजूला कर्तव्य करणाऱ्या राज्याला न डावलण्याचा न्याय आहे. दोन न्याय समोरासमोर आले म्हणजे घाईने घोषणा देऊन चालत नाही, विचार करावा लागतो. येत्या काही वर्षांत हा प्रश्न संसदेपुढे येणारच आहे. त्या वेळी सुशिक्षित तरुणांना त्यावर चार शब्द बोलता आले पाहिजेत.

पसंतीक्रमाचे मत

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत फुली किंवा शिक्का मारत नाहीत. मतदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. याला 'एकल संक्रमणीय मत' म्हणतात. 'संक्रमणीय' म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे. ही पद्धत आपण एका छोट्या उदाहरणाने समजावून घेऊ.

समजा, एका संस्थेचे १०० सभासद अध्यक्ष निवडत आहेत. उमेदवार क, ख व ग. पहिल्या पसंतीची मते : क ला ४०, ख ला ३५, ग ला २५. साध्या पद्धतीने क निवडून आला असता, जरी ६० जणांना तो पहिल्या पसंतीचा नव्हता. या पद्धतीत विजयासाठी ठराविक संख्या लागते. वैध मतांच्या निम्म्यात एक मिळवावा, म्हणजे येथे ५१. कोणालाच ५१ नाहीत. म्हणून सर्वांत कमी मतांचा ग बाद होतो. त्याच्या २५ मतपत्रिकांवरील दुसरी पसंती पाहतात. समजा ५ जणांनी क ला, १८ जणांनी ख ला दुसरी पसंती दिली आणि २ जणांनी काहीच लिहिले नाही. आता क ची मते ४५ व ख ची ५३. ख निवडून आला, कारण अर्ध्याहून अधिक सभासदांना तो चालतो.

या पद्धतीचा आपल्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. १९४६ साली संविधान सभेचे सदस्य प्रांतिक विधिमंडळांनी याच एकल संक्रमणीय मताने निवडले होते. बाबासाहेब मुंबईतून नव्हे, तर जोगेंद्रनाथ मंडल व इतरांच्या साह्याने बंगालमधून निवडून गेले. अनेक जागांची निवडणूक असते तेव्हा ही पद्धत अल्पसंख्य गटालाही त्याच्या संख्येप्रमाणे जागा मिळवून देते. फाळणीनंतर १९४७ मध्ये ते मुंबई प्रांतातून पुन्हा निवडले गेले. राष्ट्रपतिपदासारख्या एकाच जागेसाठी मात्र या पद्धतीचा उपयोग वेगळा आहे : विजयी उमेदवारामागे खरे बहुमत आहे याची खात्री ती करून देते.

१९६९ : जेव्हा दुसरी पसंती मोजावी लागली

बहुतेक वेळा पहिल्याच मोजणीत निकाल लागतो. १९६९ ची निवडणूक याला अपवाद होती. राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी पदावर असताना निधन झाले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी सी. डी. देशमुख यांना पाठिंबा दिला. हे चिंतामणराव देशमुख आपल्या घाटाखालच्या रायगड जिल्ह्यातले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढे केंद्रीय अर्थमंत्री. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या बाजूने आमदार-खासदारांना सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन झाले आणि काँग्रेसची मते फुटली.

एकूण १५ उमेदवार होते. वैध मतांचे मूल्य ८,३६,३३७. विजयासाठी ४,१८,१६९ हवे होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ व देशमुखांना १,१२,७६९ मूल्य मिळाले. कोणालाच कोटा पुरा करता आला नाही. मग एकेक उमेदवार बाद होऊ लागला. शेवटी देशमुखही बाद झाले व त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजली गेली. अखेरीस गिरींचे ४,२०,०७७ झाले व रेड्डींचे ४,०५,४२७.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, पुढच्या पसंतीची मते अधिक करून रेड्डींकडे गेली; त्यांच्यात ९१,८७९ ची भर पडली, तर गिरींच्यात फक्त १८,५६२ ची. तरी गिरी जिंकले, कारण त्यांना १६,६५४ च हवे होते. दुसरी, कोट्यापेक्षा गिरींना केवळ १,९०८ अधिक मिळाले. महाराष्ट्राच्या आजच्या हिशेबाने हे अकरा आमदारांच्या मतांहूनही कमी आहे. एवढ्या मोठ्या देशाचा राष्ट्रपती इतक्या थोड्या अंतराने ठरू शकतो. मग "माझ्या एका मताने काय होते?" असे म्हणण्यात काय अर्थ?

उमेदवारी व मतदान

राष्ट्रपतिपदाचा उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याचे वय ३५ वर्षे पूर्ण असावे व तो लोकसभेवर निवडून येण्यास पात्र असावा. जात, धर्म, स्त्री-पुरुष, शिक्षण वा संपत्ती यांची अट नाही. पूर्वी कोणीही सहज अर्ज भरीत असे. १९६७ मध्ये १७ उमेदवार होते व त्यांतील ९ जणांना एकही मत मिळाले नाही. त्यामुळे नियम कडक होत गेले. १९९७ पासून निर्वाचकगणातील ५० सूचक, ५० अनुमोदक व १५,००० रुपये अनामत अशी अट आहे.

मतदान दिल्लीत संसद भवनात व राज्यांच्या विधानभवनांत होते. आपले आमदार मुंबईच्या विधानभवनात मत देतात. येथे मतदान यंत्र नाही. कागदी मतपत्रिकाच वापरतात. खासदारांची हिरवी व आमदारांची गुलाबी. अलीकडे आयोगाने दिलेल्या विशिष्ट शाईच्या पेननेच आकडा लिहावा लागतो. मतदान गुप्त असते. या निवडणुकीत पक्षाला व्हिप, म्हणजे पक्षादेश, बजावता येत नाही आणि पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून पक्षांतरबंदीखाली सदस्यत्व जात नाही. येथे प्रतिनिधी आपल्या विवेकाला उत्तरदायी असतो.

आणि तरीही मते बाद होतात! १८ जुलै २०२२ च्या मतदानात ५३ मते अवैध ठरली. मत देणारे सर्व जण आमदार-खासदारच होते. आपल्या गावातील निरक्षर आजीचे मत बाद झाले तर हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्या निवडणुकीत श्रीमती द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ व यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मूल्य मिळाले. आदिवासी समाजातील त्या पहिल्या राष्ट्रपती.

मराठी माणसे व ही निवडणूक

नागपूरचे डॉ. ना. भा. खरे यांनी १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जाऊन म्हटले की, काही मतदारसंघांतील निवडणुका अजून व्हायच्या आहेत. निर्वाचकगण अपुरा असताना राष्ट्रपतींची निवडणूक घेऊ नये. निवडणूक पूर्ण झाल्यावरच तक्रार ऐकता येईल, असे न्यायालयाने सांगितले. पुढे १९६१ च्या ११ व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट केले की, निर्वाचकगणात जागा रिकाम्या आहेत एवढ्याच कारणाने निवडणूक रद्द ठरणार नाही. एका मराठी माणसाने विचारलेल्या प्रश्नातून घटनेतील संदिग्धता दूर झाली.

२००७ मध्ये जळगावच्या श्रीमती प्रतिभाताई पाटील ६,३८,११६ मूल्य मिळवून देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. त्यांच्याविरुद्ध भैरोंसिंह शेखावत यांना ३,३१,३०६ मिळाले. शिवसेना तेव्हा शेखावतांच्या आघाडीत होती, तरी तिने प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. व्हिप नसल्याने असे घडू शकते.

१९९७ मध्ये के. आर. नारायणन ९,५६,२९० मूल्य मिळवून राष्ट्रपती झाले. केरळच्या एका गरीब दलित कुटुंबात जन्मलेला माणूस या पदावर बसला. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस केली, तेव्हा त्यांनी ती फेरविचारासाठी परत पाठवली. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात हे खरे. पण योग्य वेळी "पुन्हा विचार करा" असे म्हणण्याचा अधिकार त्यांना आहे. म्हणून त्या खुर्चीत कोण बसतो याला महत्त्व आहे.

अमेरिकेचा निर्वाचकगण

बाबासाहेब जेथे शिकले त्या अमेरिकेतही अध्यक्षांची निवड निर्वाचकगणानेच होते, पण त्याची रीत वेगळी आहे. तेथे एकूण ५३८ निर्वाचक असतात व विजयासाठी २७० लागतात. बहुतेक राज्यांत ज्याला एक मतही अधिक, त्याला त्या राज्याचे सर्व निर्वाचक मिळतात. त्यामुळे २००० व २०१६ मध्ये देशभरात कमी लोकमते मिळवणारा उमेदवार अध्यक्ष झाला. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २८ लाख मते अधिक होती, तरी डोनाल्ड ट्रम्प निवडून आले. आपल्याकडे राज्याची मते अशी घाऊक रीतीने एकालाच जात नाहीत. प्रत्येक आमदाराचे मत स्वतंत्रपणे मोजले जाते. शिवाय तेथील अध्यक्ष प्रत्यक्ष राज्यकारभार करतात. नाव एक असले तरी दोन्ही निर्वाचकगणांचे काम वेगळे आहे.

शेवटी

महाराष्ट्र विधानसभेत अनुसूचित जातींसाठी २९ व अनुसूचित जमातींसाठी २५ जागा राखीव आहेत. या ५४ आमदारांच्या मतांचे मूल्य ९,४५० होते. शतकानुशतके ज्यांना मोजलेच जात नव्हते, ती माणसे आज या देशाच्या प्रमुखाच्या निवडीत मोजली जातात. हा हक्क फुकट मिळालेला नाही.

परंतु एक विचार सर्वांनी करावा. विधानसभेच्या वेळी एका जेवणासाठी किंवा पाचशेच्या नोटेसाठी मत दिले, तर आपण केवळ रस्ता व पाणी विकत नाही. राष्ट्रपतींच्या निवडीतील आपला वाटाही विकतो. पुण्या-मुंबईस असलेल्या बांधवांनी "एवढ्यासाठी गावी कोण जाणार?" असे म्हटले, तर तो वाटा दुसऱ्याच्या हाती जातो. जो आमदार आपण निवडतो, त्याच्यावर गुप्त मतदानाच्या खोलीत कोणाचीही नजर नसते. तेथे त्याच्या सोबतीला फक्त त्याचा विवेक असतो. म्हणून विवेक असलेला माणूसच निवडून पाठवणे, हे आपले काम आहे. ते काम दिल्लीत होत नाही. ते आपल्या गावच्या शाळेतील मतदान केंद्रावर होते.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) विधान परिषदेच्या आमदाराला राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मत का नाही?
(२) गोव्याची १९७१ ची लोकसंख्या ७,९५,१२० होती व आज विधानसभेचे सदस्य ४० आहेत. मताचे मूल्य काढा.
(३) २०२२ मध्ये दोन्ही उमेदवारांच्या मतमूल्याची बेरीज करून विजयाचा कोटा काढा. (उत्तर : ५,२८,४९१)
(४) मतमूल्यासाठी १९७१ ची लोकसंख्या पुढेही धरावी काय? दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.